एमएच पंधरा

नियम पप्पांचा, आणि सोपा:
पुढच्या गाडीच्या पाटीवरची दोन अक्षरं घ्यायची,
त्याच क्रमानं ती ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा.
मध्ये कितीही अक्षरं घुसली तरी चालतील,
मागेपुढे चिकटली तर उत्तमच.
ज्याचा शब्द लांब त्याला बिटको चौकात कुल्फी,
हरलेल्याला काडी.
एमएच पंधरा मोजायचं नाही.
"ते आपलं आडनाव," पप्पा म्हणायचे, "नाव त्याच्या पुढे."

प्रेसमध्ये दिवसभर ते नोटांवरची अक्षरं तपासत,
सरकलेला आकडा, पुसट जी.
सुटताना गेटवर झडती, डब्याचं झाकणसुद्धा उघडून.
कागदाचा कपटा बाहेर यायचा नाही.
अक्षरं यायची, डोळ्यांत बसून,
ती कुठेतरी खर्च करावीच लागत.

डिक्शनरी मेनरोडच्या रद्दीवाल्याकडची, पहिली पानं गेलेली.
आमच्या घरात इंग्रजी सुरू व्हायचं 'ॲक्ट'पासून;
'ॲब्सेंट' कायमचा गैरहजर.

द्वारकेला उड्डाणपूल नव्हता तेव्हाची गोष्ट.
चेतकवर पुढे उभा सुजात, मागे मी,
समोर कोथिंबिरीचा टेम्पो: सी डब्ल्यू.
सुजात ओरडला, क्रॉसवर्ड! नऊ.
मी ओरडले, क्लॉकवाइज! बोटं मोजली, नऊच.
सर्कलमध्ये ट्रक आडवा. पप्पांनी ब्रेक दाबला
आणि माझ्याच शब्दाच्या तोंडाशी चार अक्षरं आणून लावली:
अँटिक्लॉकवाइज. तेरा.
"शब्द शेपटीकडूनच वाढतो असं कुणी सांगितलं?"
कुल्फी त्यांनी एकट्यानं खाल्ली.
मला अजून राग आहे.

'डाउट'वरून मी भांडले होते.
त्यातला बी ऐकू येत नाही, मग तो धरायचा कसा?
"ऐकू येत नाही म्हणजे नसतो काय?
लिहून बघ."

गेल्या मार्चपासून पप्पांचं बोलणं गेलंय.
आगळे मॅडम चित्रं दाखवतात, कप, चावी, बदक.
पप्पा बघतात, ओळखतात,
ओठांपाशी एखादं अक्षर येतं
आणि गेटवर अडवल्यासारखं उभं राहतं.

परवा संध्याकाळी नुसतं क. मग बऱ्याच वेळानं ट.
मी म्हटलं, कपाट? पाकीट?
सुजात पुण्याहून फोनवर, बिस्कीट? तिकीट?
पप्पा, तिकीट? कुठं जायचंय?
त्यांनी डोळे मिटून घेतले.
आई कणीक मळत होती.
मला नाही बाई तुमचं इंग्रजी येत, म्हणत
जी जन्मात कधी खेळली नाही,
ती हात न धुताच आली.
"चौकटीत बसायचंय त्यांना. वारा सुटलाय."
पप्पांनी मान हलवली.
वाक्य नियमात बसत नाही.
तरी कुल्फी तिचीच, सुजात म्हणाला,
आणि फोनवर बराच वेळ काही बोलला नाही.

आज थेरपीला निघालो. गाडी मी चालवतेय,
ते मागे, एक हात माझ्या खांद्यावर.
मुंबई नाक्याच्या सिग्नलला पुढे पांढरी गाडी: जी एच.
मी मोठ्यानं म्हटलं, स्ट्रेटफॉरवर्ड! पंधरा!
पंधराला पंधरा, पप्पा, बघा!
मागून काहीच नाही.
मग खांद्यावर बोट.
एक, दोन, थांबून तीन,
मी आकडे उलटे मोजणाऱ्या सिग्नलकडे बघत सुलटे मोजत राहिले.
आठ.

आठ अक्षरं, जी आणि एच असलेली.
स्ट्रेट असेल, रस्ता समोर सरळच होता.
डेलाइट असेल, ऊन डोळ्यांवर येत होतं.
अजून एक आहे.
त्यातलेही जी आणि एच ऐकू येत नाहीत.

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला.
मी विचारलं नाही.
आठ, मी म्हटलं, आठच?
हरलात.
खांद्यावरचं बोट हसल्यासारखं हललं.